पांढरा केस यंत्राला दिसत नाही

२ मार्च

वडिलांच्या दुकानात आज लेझरचं यंत्र आलं. चार माणसांनी व्हॅनमधून उतरवलं, इतक्या जपून की आमच्या आईची शवपेटीसुद्धा या दारातून एवढ्या हळुवारपणे कुणी बाहेर नेली नव्हती. कपाटाएवढं, पांढरंशुभ्र, वर काचेचा पडदा. बाजूला जाड नळी आणि नळीच्या टोकाला पेट्रोलपंपावर असते तशी मूठ. काही बिघडलं तर दाबायला एक लाल बटण आहे. चालू करायला मोटारीसारखी किल्ली लागते. ब्रोना ती किल्ली गळ्यात अडकवून दिवसभर हिंडत होती, जणू महापौर झाली.

ब्रोना ही माझ्या भावाची मुलगी, चव्वेचाळीस वर्षांची. बँकेनं गावातली शाखा बंद केली तेव्हा तिला एक काचेची फुलदाणी देऊन निरोप दिला. मग तिनं ठरवलं की आता बायकांचे केस काढायचे. त्यासाठी डब्लिनला जाऊन शिकून आली, भिंतीवर प्रमाणपत्र लावलं. दुकान माझं, वर राहते मी, तेव्हा परवानगी माझी लागत होती. मी दिली. गावात सगळे विचारतात की अट्रॅक्टा टार्पीनं हे कसं चालवून घेतलं. मी सांगते, रक्ताचं नातं.

याच दुकानात माझे वडील मठातल्या नन्सना लोकरी मोजे विकायचे. पाय मापायचे नाहीत, अंदाजानं द्यायचे. आता त्याच गल्ल्याच्या जागी बायका पाय उघडे टाकून पडणार. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

पत्रकावर छापलंय, 'केसांची कायमची घट'. केस कायमचे जातील असं नाही. घट! अडतीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात कारकून होते. असला शब्द कुणाला वाचवण्यासाठी शोधून काढतात, हे मला कुणी शिकवायला नको.

५ मार्च

परवानगीचं खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. जूनमध्ये माझा डावा खुबा बदलणार आहेत. म्हणजे वॉर्ड, चार बायकांची खोली, आणि मी कित्येक दिवस उताणी, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाकून बघावं अशी.

आणि मला दाढी आहे.

लिहिलं बाई एकदाचं. शाळेच्या शेवटच्या वर्षी सुरू झाली. तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीघराचं दार आतून लावून रेझर फिरवते. एक दिवस चुकला तर हाताला कळतं, दोन दिवस चुकले तर उजेडात दिसतं, तिसऱ्या दिवशी मला न्यायाधीशांपुढे न बसवता आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं असतं. तिसरा दिवस कधी येऊच दिला नाही. फ्लू आला, वडील गेले, बर्फात पाणी गोठलं, तरी नाही. आईला माहीत होतं, ती गेली. शाळेत सिस्टर बेनिग्नसला संशय आला होता. तिनं सांगितलं, हे दुःख शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना अर्पण कर, म्हणजे त्यांची स्वर्गात लवकर सुटका होईल. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही सगळंच त्या आत्म्यांना अर्पण करायचो, दातदुखी, गार पाण्याची अंघोळ, पट्टीचा मार. 'दुखतंय' म्हणायचं नाही, मनात अर्पण करायचं. आमच्या एका वर्गानं इतकं पाठवलंय की शुद्धिस्थान एव्हाना भाड्यानं द्यायला मोकळं झालं असेल.

तर आता खाली यंत्र आहे. जूनपर्यंत तीन महिने. बघू काय करतं ते.

९ मार्च

फादर आले होते, दुकानाला आशीर्वाद द्यायला. पवित्र पाण्याची बादली आणि कुंचला घेऊन थेट यंत्राकडे निघाले.

ब्रोना मध्ये आडवी झाली. "फादर, त्याच्यावर नको! भिंतीवर शिंपडा, माझ्यावर शिंपडा!"

"अगं, पण आशीर्वाद यंत्राला द्यायचा ना?"

"लांबून द्या. आत वीज आहे."

फादरनी लांबून दिला. मग भाबडेपणानं विचारलं, "हे नेमकं करतं काय?"

ब्रोनानं सांगितलं. फादर कानापर्यंत लाल झाले आणि मला म्हणाले, "मिस टार्पी, यंदा डॅफोडिल लवकर फुललेत नाही?"

१० मार्च

ब्रोनाबद्दल एक लिहून ठेवते. ती सकाळी दहाच्या आधी कधी वर येत नाही. दूध संपलेलं असो, पत्र आलेलं असो, दहा म्हणजे दहा. बँकेच्या वेळा अंगात मुरल्यात. आणि येताना जिन्याच्या पायथ्यापासून ओरडत येते, "आत्या, येतेय हं! अर्ध्या जिन्यात आहे! दाराशी आले!" गुरं हाकल्यासारखं. कॉन्व्हेंटात गेली नाही, त्याचा परिणाम.

१८ मार्च

आज पाहणी करायला खाली गेले. घरमालकीण म्हणून मला तो हक्क आहे.

ब्रोनानं मला पलंगावर बसवलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. हातावर गार चिकट थर लावला आणि म्हणाली, "आत्या, नमुना म्हणून हातावर एक ठिपका देते. चटका बसेल. एक ते दहामध्ये सांग किती दुखलं. खरं सांग हं, त्यावरच मी जोर ठरवते."

मूठ टेकवली. टोक बर्फासारखं गार. मग टक्. तापलेलं रबर ताणून सोडावं तसं. जळक्या केसाचा वास आला.

"किती?"

"दोन," मी म्हणाले. आठ होतं. पण आठ म्हणायला काय मी बाजारात उभी आहे?

"दोन?" ब्रोनानं माझ्याकडे बघितलं. "आत्या, तुझे डोळे भरलेत."

"चष्मा घट्ट आहे."

मग मी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, विचारलं, "समज, एखादी वयस्क बाई आली. हनुवटीसाठी. तर होतं का?"

ब्रोना मूठ पुसत होती. बराच वेळ पुसत राहिली. मग हळू आवाजात, पण सगळं नीट समजावून सांगितलं. यंत्राचा प्रकाश केसातला काळा रंग शोधतो. त्या रंगावर तापतो आणि ती उष्णता मुळापर्यंत जाऊन मूळ जाळते. रंगच नसेल तर प्रकाश नुसता निघून जातो.

"म्हणजे पांढरा केस?"

"पांढरा केस यंत्राला दिसतच नाही, आत्या."

"एवढं महागडं यंत्र आणि त्याला जे मला चष्म्याशिवाय दिसतं ते दिसत नाही?"

"पांढऱ्यासाठी सुई असते. विजेची. एकेका मुळात घालावी लागते, त्याला वर्ष-दीड वर्ष जातं. स्लायगोमध्ये एक बाई करते. ती इथे यायला तयार होईल, तुझ्या त्या ओळखीच्या बाईसाठी."

"कुठल्या ओळखीच्या?"

"तू म्हणालीस ती."

"मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही," मी म्हणाले आणि वर आले.

काळी होती तेव्हा काळी कुळकुळीत होती. चाळीस वर्षं. तेव्हा देवाला हे यंत्र सुचलं नाही. साठीला पांढरी झाली आणि मग त्यानं कुणाच्या तरी डोक्यात घातलं की आता काळ्यासाठी एक यंत्र काढ. विनोदबुद्धी चांगली आहे त्याची. मरणानंतर समोरासमोर विचारीन.

१४ एप्रिल

मी अचानक गावातली सर्वांत लाडकी बाई झाले आहे. दिवसाला पाच-सहा जणी भेटायला येतात. पूर्वी वर्षाला एक यायची, तीही मिशनच्या देणगीची पेटी घेऊन.

युक्ती साधी आहे. समोरून दुकानात शिरलं तर अख्खा रस्ता बघतो. म्हणून माझी घंटा वाजवायची, मोठ्यानं ओरडायचं, "अट्रॅक्टा, म्हटलं बघावं खुबा कसा आहे!" आणि जिन्याखालच्या दारानं आत सटकायचं. पाऊण तासानं वर येऊन माझा चहा प्यायचा, कारण माझ्याकडे आलो असं दाखवायला हवं ना. अंगाला जळक्या केसांचा वास, चालणं फेंगडं, आणि चेहऱ्यावर नुकतंच कन्फेशन देऊन आल्याचा भाव.

"कसं काय?" मी विचारते.

"बरी आहे गं, अगदी बरी," म्हणतात आणि खुर्चीच्या कडेवर टेकतात.

ब्रोना वैतागली आहे. "आत्या, या गावात कुणाला काही दुखतच नाही. जोर वाढवला तरी दोन, कमी केला तरी दोन. एकीनं उशी दातांत धरली होती, म्हणे दोन! मी ठरवू कसं?"

"तुझ्या प्रमाणपत्रात नाही का ते?"

"प्रमाणपत्र डब्लिनचं आहे. तिथे बायका किंचाळतात."

२ मे

पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे मुलांनी चर्चमध्ये पहिला प्रसाद घ्यायचा, मोसम सुरू झाला. सात वर्षांच्या नाती पांढऱ्या झग्यांत देवाला भेटणार, आणि त्यांच्या आया-आज्या तेवढ्यासाठी बाटलीतलं ऊन, म्हणजे कातडी उन्हानं रापल्यासारखी दाखवणारा रंग, अंगाला फासणार. आमच्याकडे खरं ऊन वर्षात दोन दुपारी पडतं, पण मे महिन्यात चर्चमध्ये बघावं तर सगळ्या बायका मॉरोक्कोहून परतल्यासारख्या. मनगटाशी रेघा, घोट्यांशी डाग, चादरींचा सत्यानाश. ब्रोनानं दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, 'गेल्या पंधरा दिवसांत बाटलीतला रंग लावला असल्यास उपचार होणार नाही.' यंत्राला कातडी आणि केस यांतला फरक कळत नाही, जिथे काळपट दिसेल तिथे भाजतं. थोडक्यात, न दिसण्यात आणि भलतंच दिसण्यात, दोन्हींत ते तरबेज आहे.

७ मे

व्हायचं ते झालं. कॉन्सेप्टा हेनेगन भाजली.

कॉन्सेप्टा माझ्याच वर्गातली. शाळेत निबंधाचं बक्षीस तिला मिळालं, जे मला मिळायला हवं होतं. पुढे तिनं हेनेगनशी लग्न केलं, ते मात्र तिचं तिला लखलाभ. आज दुपारी ती माझी घंटा वाजवून खाली गेली, आणि तासाभरानं दोन्ही नडग्यांवर आगगाडीच्या डब्यांसारखे लाल चौकोन ओळीनं घेऊन बाहेर पडली. चहाला आली नाही, तेव्हाच मला कळलं.

ब्रोना खाली फरशीवर बसून रडत होती. "तीनदा विचारलं, आत्या. रंग लावलाय का? नाही. दुखतंय का? दोन. खरंच ना? अगं हो, दोन! सुरुवातीला नमुना दिला, तेव्हाही काही नाही म्हणाली. आणि मला तो रंग दिसला कसा नाही? यंत्राच्या पडद्याच्या निळ्या उजेडात सगळ्यांचे पाय सारखेच दिसतात. तिनं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. माझीच चूक."

चूक तिचीच होती. कॉन्सेप्टावर विश्वास शाळेतसुद्धा कुणी ठेवत नसे.

संध्याकाळी हेनेगनकडून फोन. वकील करणार, भरपाई मागणार.

मी ब्रोनाला सांगितलं, जूनअखेर दुकान रिकामं कर. तिनं यंत्राची किल्ली गळ्यातून काढून खिशात ठेवली, एवढंच. मला वाईट वगैरे वाटलं नाही. ज्या यंत्रानं काम होत नाही त्याला जागा का अडवू द्यायची?

ज्या यंत्रानं गावाचं काम होत नाही, असं मला म्हणायचं आहे.

९ मे

कॉन्सेप्टाकडे गेले. दुकान माझं, तेव्हा खटला झाला तर माझंही नाव येणार. ती सोफ्यावर पाय स्टुलावर ठेवून पडली होती, राणीसारखी. तिच्या नवऱ्याला मी बागेत पिटाळलं.

"भरपाई मागणार म्हणे."

"मागणारच! बघ, बघ माझ्या पायांकडे! शनिवारी नातीचं कम्युनियन आहे."

"ब्रोनाला तू दोन म्हणालीस."

"मग काय बोंबलू? बाहेर बाकावर गिलहूलीची सून बसली होती, तिनं ऐकलं असतं."

"आणि रंग?"

"कुठला रंग?"

"कॉन्सेप्टा, तुझे पाय काय एकटेच स्पेनला जाऊन आले? बाकीची तर तू इथेच होतीस."

तिनं झग्याची कड पायांवर ओढली. मग म्हणाली, "घासून काढला होता मी."

"कशानं?"

"भांड्यांच्या घासणीनं."

"देवा! म्हणजे निम्मी कातडी तू स्वतःच सोलून टाकली होतीस."

"तू माझ्या बाजूनं बोलायला आलीस की तिच्या?"

"मी कुणाच्याच बाजूनं आले नाही. फक्त सांगते, न्यायालयात वकिलाचा पहिला प्रश्न काय असतो ते. 'बाई, आपण तिथे नेमक्या कशासाठी गेला होतात?' आणि पेपरवाला पहिल्याच बाकावर बसतो. स्पेलिंग चुकवतो, पण नाव कधी सोडत नाही."

"पायांसाठी गेले होते म्हणून सांगीन. पायांत कसली लाज?"

"सांग की. शपथेवर सांगायचं असतं, एवढं लक्षात ठेव."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. हेनेगन गुलाबाच्या नावाखाली काहीतरी छाटत होता.

"पायांसाठी नव्हते गेले," ती म्हणाली.

"मग?"

तिनं एक बोट हनुवटीवर ठेवलं. "ती म्हणाली, पांढरे आहेत, नाही जमायचं. आता एवढा धीर करून, मागच्या दारानं गेलेली बाई, तशीच उठून परत कशी येणार? म्हटलं, बरं, मग पाय कर." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हेनेगनलासुद्धा माहीत नाही. चाळीस वर्षं मी त्याच्या आधी उठते. अट्रॅक्टा, तुला कधी... म्हणजे तुझं असं काही..."

"मला त्यातला काही अनुभव नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग आम्ही चहा घेतला. सोबतचे स्कोन केक कोरडे होते.

१० मे

रात्रभर विचार करतेय. कॉन्सेप्टाला दाढी आहे! शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. दर रविवारी मी चर्चमध्ये तिच्या मागे बसते. आणि एवढी वर्षं या बाईनं मला अवाक्षर सांगितलं नाही. माणसानं किती लपवावं याला काही सीमा? असली लबाडी मी तर कुणाशी केली नसती.

१३ मे

हेनेगननं वकिलाचं रद्द केलं. कॉन्सेप्टा कम्युनियनला जाड काळे मोजे घालून आली. 'दुखतंय का?' म्हणून कुणीतरी विचारलं. 'बरी आहे,' म्हणाली.

ब्रोनानं मला विचारलं, "आत्या, तू काय बोललीस तिच्याशी?"

"कायदा."

"मग दुकानाचं?"

"दुकानाचं ठरलंय ते ठरलंय."

३१ मे

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. रोज पहाटे आरशासमोर उभी राहून हिशेब करते, शेवटची कधी करता येईल आणि परत कधी हातात रेझर येईल. आमच्या मठातल्या वृद्ध नन्स या बाबतीत भाग्यवान, हनुवटीखालून कापड गुंडाळलेलं असायचं. आमच्यात कुणाला वैराग्य येतं त्याचं कारण आता कळलं.

ब्रोना पिशवी भरून देते म्हणत होती. मी हाकलली. पिशवी मी भरली. रेझर चष्म्याच्या डब्यात घातला. चष्म्याच्या डब्यात कोण बघतं?

१० जून, वॉर्ड

खुबा बसवला. नवा आहे, टायटॅनियमचा. माझ्या अंगातला एकमेव भाग जो गंजणार नाही. काल पहाटे चारला उठून नीट केली होती, म्हणून भूल देणाऱ्या बाईनं तोंडावर नळी धरली तेव्हा काही दिसलं नसणार. आज हाताला लागतंय.

पिशवी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. कपाट पलंगाच्या डावीकडे. खाली वाकायचं नाही, डावीकडे वळायचं नाही, पाय आडवा टाकायचा नाही, अशी बंदी आहे. उठवून चालवणार होते, पण रक्तदाब पडला, म्हणून पडून राहा म्हणाले. रेझर माझ्यापासून हातभर लांब आहे. डब्लिन जवळ वाटावं इतका.

नर्स पुरुष आहे. जोबिन नाव, केरळचा. पंचविशीचा असेल. तोंड पुसायला आला होता. मी म्हटलं, तोंड माझं मी पुसेन.

११ जून

चादर नाकापर्यंत ओढून पडले आहे. खोलीत आणखी तिघी. समोर मिसेस लोहन, पोस्टातली, मनगट आणि खुबा दोन्ही मोडलेली. तीही चादर ओढून असते. खिडकीपाशी डेअरीवाली टेसा, गळ्याचा रुमाल नाकाखालपर्यंत ओढलेला. चौथी भिंतीकडे तोंड करून झोपते, तिचं नाव अजून कळलं नाही. चौघींत मिळून तीन नाकं तेवढी दिसतात. हॉस्पिटलात इतकी थंडी का ठेवतात, असं सगळ्या म्हणतात. मला तर घाम येतोय.

दुपारी ब्रोना आली, द्राक्षं घेऊन.

"आत्या, चादर का एवढी?"

"थंडी."

"जूनमध्ये?"

"आयर्लंडमध्ये."

ती कपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पिशवीतलं काही काढून देऊ?"

"पिशवीत काय असणार? चष्मा आहे."

"चष्मा तर तुझ्या नाकावर आहे."

"दुसरा."

मग द्राक्षं धुवायला म्हणून गेली ती बराच वेळ आली नाही. दाराच्या काचेतून दिसत होती, त्या जोबिनशी कुजबुजत उभी. हातवारे काय, मान वाकडी करून हसणं काय! चव्वेचाळिसाव्या वर्षी पंचविशीच्या पोराशी लाडात यायचं. द्राक्षं तशीच, न धुता परत आणली.

उद्या तिसरा दिवस. मोठे डॉक्टर उद्या विद्यार्थी घेऊन येतात म्हणे, प्रत्येक पलंगापाशी थांबतात. सात-आठ जण, तरुण, वाकून बघणारे. मी देवाला सांगितलं की आता आत्म्यांना आणखी काही पाठवण्यासारखं माझ्याकडे उरलेलं नाही.

१२ जून

सरकारी आरोग्य खात्याला अखेर अक्कल सुचली. लिहून ठेवलं पाहिजे, पुन्हा सुचेल याची खात्री नाही.

सकाळी जोबिन ढकलगाडी घेऊन आला. वर गरम पाण्याची चार तसराळी, चार नवे टॉवेल, चार नवे रेझर वेष्टनातले. दाराशीच उभं राहून जाहीर केलं, "बायांनो, आजपासून डॉक्टर यायच्या आधी सगळ्यांचं तोंड, हनुवटी, मान, सगळं करायचं. विचारायचं नाही, सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं. वॉर्डाची पद्धत आहे."

"कधीपासून?" मिसेस लोहन चादरीतून ओरडली.

"आजपासून."

आणि त्यानं चारही पलंगांचे पडदे ओढले.

मला ज्या गोष्टीची पन्नास वर्षं धास्ती होती ती चार-पाच मिनिटांत उरकली. त्यानं गरम टॉवेल ठेवला, फेस लावला, हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. हात हलका आहे पोराचा. बघून चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी म्हटलं, "असं तुम्ही किती बायकांचं करता?"

"वयस्क बायका ना? सगळ्यांचंच. माझी आजी तर रविवारी सकाळी दाराशी बसून करून घ्यायची, शेजारणीशी गप्पा मारत."

"उघड्यावर?"

"उजेड चांगला असतो ना."

मग तो पुढच्या पडद्याआड गेला. मी पडून ऐकत होते. खर्र, पाण्यात टुब्बुक, खर्र. मग तिसऱ्या पडद्याआड खर्र. मग चौथ्या. मग टेसाचा आवाज आला, "वरच्या ओठाचं पण बघ रे बाबा, दुधाच्या बरण्या उचलून मिशा फुटल्यात." आणि मिसेस लोहन अशी हसली की मनगट मोडलेलं विसरून पलंगाच्या कठड्यावर आपटलं. "आई गं!" म्हणून किंचाळली, आणि पुन्हा हसली. भिंतीकडे तोंड करणारी बाई पण हसायला लागली. तिचं नाव नोरा. ती कॉन्व्हेंटचीच, आमच्या दोन वर्षं पुढची.

पडदे उघडले तेव्हा चौघींची तोंडं बाहेर होती. थंडी वाजते असं कुणी म्हणालं नाही. विद्यार्थी आले, वाकले, माझा खुबा बघून गेले.

एक मात्र खटकलं. फेस लॅव्हेंडरचा होता, ब्रोना दुकानात लेझरआधी केस भादरताना लावते तोच, तीच जांभळी बाटली. म्हणजे आरोग्य खातं ती घेते त्याच महागड्या दुकानातून खरेदी करतं. सुधारणा करतात त्यातही करदात्यांना लुटतातच. घरी गेल्यावर मंत्र्यांना लिहिणार आहे.

दहानंतर ब्रोना आली. डोळे सुजलेले, जांभया देत होती. पहाटेपासून जागी होते म्हणाली. कशासाठी, ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी तिला चांगलं सुनावलं. "बघ, तुझ्या त्या कपाटाएवढ्या यंत्राला जमलं नाही ते सरकारनं एका रेझरमध्ये केलं. सगळ्या वॉर्डाचं! याला म्हणतात सेवा."

"हो ना, आत्या," ती म्हणाली आणि माझी द्राक्षं खात बसली.

"दुकान जूनअखेर सोडायची घाई नको. दुसरा भाडेकरू मिळेपर्यंत थांब. आणि त्या स्लायगोच्या सुईवालीला विचारून ठेव, कधी मोकळी असते. कॉन्सेप्टासाठी."

"कॉन्सेप्टासाठी," ब्रोना म्हणाली. "बरं."

"हसतेस काय?"

"कुठे हसतेय?"

जाताना ती वाकली आणि तिनं माझ्या गालाला गाल लावला, अगदी हनुवटीपाशी, आणि क्षणभर तशीच राहिली. मी बाजूला झाले नाही. डॉक्टरांनी वळायला बंदी घातली आहे.